पूर्वाचा डावा डोळा

त्या दुपारी मी माणसांचे डोळे काळे करत बसलो होतो.

फ्लॅश मारून फोटो काढला की बाहुल्या कधीकधी लालभडक येतात. कॉम्प्युटरवर त्या एकेक करून काळ्या कराव्या लागतात. काम कंटाळवाणं, पण मी मन लावून करत होतो. हे फोटो कुबलांच्या घरी पाठवायचे होते आणि सरूआजी ते शोकेसमध्ये लावणार होती. लाल डोळ्यांची म्हातारी आल्यागेल्याला दाखवायची म्हणजे तिची पंचाईतच झाली असती.

आम्ही नुकतेच गोंदियाच्या बाजूला, वडशाला आलो होतो. माझी बायको वैजयंता नर्स. पुण्यातली एक एजन्सी तिला कुठे कुठे पाठवायची. ज्या इस्पितळात नर्सा कमी पडतील तिथे काही महिने काम करायचं, करार संपला की पुढचं गाव. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि आमचं हे चौथं बिऱ्हाड होतं. माझं काय, गणिताच्या शिकवण्या कुठेही मिळतात. उरलेल्या वेळात मी कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडायचो. नातेवाईक हसायचे. "बायकोची बदली झाली की सतेजरावांचीपण होते," असं माझ्या मामानं एका बारशात सगळ्यांसमोर म्हटलं होतं.

वडशाच्या आधी आम्ही कोकणात होतो, मालवणच्या वरच्या अंगाला, खाडीकाठी. तिथे कुबलांच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या. म्हादू कुबलची स्वतःची होडी होती. निर्मला त्याची बायको, सरूआजी त्याची आई, आणि पूर्वा त्यांची लेक. पूर्वा अजून तीन वर्षांचीही नव्हती. वैजू ड्यूटीवरून आली की ही पोर तिच्या मांडीवर जाऊन बसायची आणि तिच्या केसातल्या पिना काढून स्वतःच्या फ्रॉकला लावायची.

मला फ्लॅश आवडत नाही. तिथे असताना मी होड्या, जाळी, पहाटेचा लिलाव असे खंडीभर फोटो काढले, सगळे उजेडाचे. पण निघायच्या दिवशी जीप दारात उभी असताना सरूआजीनं फर्मान काढलं, "आमचो सगळ्यांचो एक काढ रे." घरात उजेड नव्हता. मग मारला फ्लॅश.

तर, म्हादूचे डोळे करून झाले. निर्मलाचे झाले, आजीचे झाले. वैजूच्या मांडीवरच्या पूर्वापाशी आलो. तिचा उजवा डोळा इतरांसारखाच लाल होता. डावा मात्र पांढरा. दुधी गोटीत आतून दिवा लावावा तसा.

मला वाटलं, कॅमेऱ्याची काहीतरी गडबड. मी त्या पांढऱ्यावर काळा ठिपका ठेवणार, तेवढ्यात वैजू ड्यूटीवरून आली.

"बघ गं, हिचा एकच डोळा लाल आलाय. दुसरा पांढरा. दोन्ही काळे करून टाकतो."

ती आरशासमोर उभी राहून टोपीच्या पिना सोडवत होती. तशीच वळली.

"थांब. हात लावू नकोस त्याला."

ती माझ्या खांद्यावरून वाकली. "मोठा कर. अजून." मग पडद्यावर बोट ठेवलं. "फ्लॅशचा दुसरा आहे का?"

तीन काढले होते. एकात पूर्वानं डोळे मिटले होते. दुसऱ्यात मान थोडी वळवली होती आणि तिथेही डावा डोळा पांढरटच दिसत होता.

वैजू पलंगावर बसली. युनिफॉर्म न बदलता ती कधी पलंगावर बसत नसे.

"शिकत असताना डोळ्यांच्या वॉर्डात ड्यूटी होती माझी," ती म्हणाली. "एका बाईनं असाच फोटो आणला होता. वाढदिवसाचा. मुलगा केक कापतोय आणि एक डोळा पांढरा. घरच्यांना वाटलं होतं फोटो खराब आला. आणलं तेव्हा फार उशीर झाला होता."

"कशाला उशीर?"

"डोळ्यात गाठ असू शकते. लहान मुलांना होते. कॅन्सरची." मग घाईघाईनं म्हणाली, "आणि नसूही शकते. उजेड वाकडा पडला तरी असं दिसतं म्हणतात. मी डॉक्टर नाही, सतेज."

दुसऱ्या दिवशी तिनं तो फोटो तिच्या इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवला. ते डोळ्यांचे नव्हते, पण जाणते होते. ते म्हणाले, फोटोवरून सांगता येणार नाही. मुलीच्या डोळ्यात थेंब घालून, बाहुली मोठी करून, आत नीट बघायला हवं, आणि लवकर बघायला हवं.

वैजूनं फोन लावला. कॅन्सर हा शब्द तिनं उच्चारला नाही. डोळ्यात थोडी शंका वाटतेय, डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा, एवढंच सांगितलं. म्हादू बिचारा होडी सोडून पोरीला तालुक्याला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरनं डोळ्यात बॅटरी मारली आणि काही नाही म्हणून सांगितलं.

"काय नाय वयनी," म्हादू फोनवर आनंदानं सांगत होता. "डॉक्टरान बघल्यान. डोळो बरो आसा."

"थेंब घातले होते का, म्हादूभाऊ? बाहुली मोठी करून बघितलं का?"

"ता काय माका म्हायत नाय. पण डॉक्टर म्हणजे डॉक्टर."

वैजूनं पुन्हा समजावून सांगायला सुरुवात केली तेव्हा पलीकडून सरूआजीनं फोन घेतला. तिचा आवाज मला लांबूनही ऐकू येत होता. "डॉक्टर मोठो की तू गे? बऱ्या पोरीक कित्याक नाट लावतंस?" त्यानंतर ते फोन उचलेनात.

वैजू जेवेनाशी झाली. ताटावर बसायची, दोन घास खायची, उठायची. मी म्हणालो, आपण सांगायचं ते सांगितलं. ती म्हणाली, "हो." पण त्या 'हो'त काही अर्थ नव्हता. तिला सुट्टी मिळण्यासारखी नव्हती. नवीन करार, आयसीयूची ड्यूटी, आणि तिच्याबरोबरची एक नर्स तापानं पडलेली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्याच महिन्यात मी मिरजेला परत जाणार होतो. कायमचा. तिथे बाबांचं वह्यापुस्तकांचं दुकान आहे, बाबांचे गुडघे गेले होते, आणि थोरला म्हणून मी दुकानात बसावं असं घरच्यांना वाटत होतं. मलाही या फिरतीचा शीण आला होता. वैजूला मात्र गावं बदलत काम करणं मनापासून आवडायचं. तेव्हा तिनं करार करत राहावं, सुट्टीत मिरजेला यावं, असं आम्ही दोघांनी बसून ठरवलं होतं. भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं, निदान कोणीतरी थांब म्हणालं असतं. गोंदियाहून सुटणाऱ्या महाराष्ट्र एक्सप्रेसचं मिरजेपर्यंतचं तिकीटही आणून ठेवलं होतं.

एका संध्याकाळी डाळीला फोडणी देताना वैजू पाठमोरीच म्हणाली, "नाहीतरी तू जाणारच आहेस. तारीख बदलून घे. थोडा आधी जा."

"आधी?"

"आणि मिरजेला उतरू नकोस."

मला कळायला क्षणभर लागला.

मिरज आलं तेव्हा मी खिडकीत बसून होतो. फलाटावरची ओळखीची माणसं दिसत होती. बाबांच्या दुकानात पेपर टाकणारा कादरही दिसला. मी मान आत घेतली. पुढे कोल्हापूर, तिथून एसटीनं घाट उतरून कणकवली, आणि मग टमटममध्ये दाटीवाटीनं बसून खाडीकाठी.

सरूआजी दारात सुकी मासळी निवडत होती. मला बघून तिला आधी आनंदच झाला. मग मी एकटाच आलोय आणि हातात पिशवी एवढीशीच आहे हे तिच्या लक्षात आलं.

"त्याच कामाक इलंस ना?"

"होय आजी."

"मगे पाणी पी आणि जा." ती पुन्हा सुपाकडे वळली. थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, तिच्या मनातलं बाहेर आलं. "धा पिढ्यांत आमच्या घरात कोणाचो डोळो गेलो नाय. तुया त्या मशिनीतसून झगझगीत उजेड मारलंस पोरीच्या डोळ्यार. काय झाला असात तर ताच."

कॅमेऱ्यानं डोळा जात नाही हे मला माहीत होतं. पण पूर्वा माझ्याकडे धावत आली, माझ्या पायाला मिठी मारली, आणि मी तिच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

म्हादू दुपारी आला. बसला, चहा घेतला. शांत माणूस. म्हणाला, "भाऊ, तुमी इतक्या लांबसून इलात, माका बरा वाटला. पण डॉक्टरान नाय म्हटल्यार मी कोणाचा आयकू? आता तुमी सांगतात म्हणान मुंबैक जावचा म्हणजे होडी बंद. आणि पोर बघा कशी खेळता. आजारी पोर अशी खेळता?"

खरंच खेळत होती. अंगणात निर्मलाच्या जुन्या बांगड्या मांडून ती त्या एका काठीत ओवत होती.

मी बाहेर जाऊन वैजूला फोन लावला. ती ड्यूटीवर होती, कोपऱ्यात जाऊन हळू आवाजात बोलत होती. मी म्हणालो, ऐकत नाहीत, आणि मला तरी कुठे खात्री आहे?

"निर्मलावयनींना दे फोन. स्पीकरवर ठेव."

निर्मला आतापर्यंत एक शब्द बोलली नव्हती. स्वयंपाकघराच्या दारात पदराशी चाळा करत उभी होती. मी फोन पुढे केला तेव्हा तिनं आधी सासूकडे पाहिलं, मग फोनकडे.

"वयनी," वैजूचा आवाज आला, "मी काही सांगत नाही. तुम्हीच बघा. पूर्वा काय करतेय?"

"बांगड्यांनी खेळता."

"तिच्या मागे बसा. खेळ करतोय असं दाखवा. हातानं तिचा डावा डोळा झाका. नीट, उजेड आत जायला नको."

निर्मला अंगणात गेली. पूर्वाच्या मागे बसून तिनं तिचा डावा डोळा तळव्यानं झाकला. पूर्वा जराशी हसली, आईच्या हाताला टेकली, आणि बांगडी काठीत ओवत राहिली. एक, मग दुसरी. झाकलेल्या डोळ्याचं तिला काहीच वाटत नव्हतं.

"खेळताच आसा," निर्मला म्हणाली. तिच्या आवाजात सुटका होती. म्हादूही हसला.

"आता तो सोडा. उजवा झाका."

निर्मलानं हात बदलला.

पूर्वाची काठी थांबली. बांगडी हातातून सुटून पायाशीच पडली. ती चाचपायला लागली, बांगडी पडली होती त्याच्या भलत्याच बाजूला. भर दुपारचं ऊन होतं, अंगण पांढरंफटक तापलेलं. ती दोन्ही हातांनी आईचा हात ओढायला लागली.

"आये," ती म्हणाली, "काळोख."

निर्मलानं हात काढला. पूर्वानं लगेच बांगडी उचलली. निर्मलानं पुन्हा झाकला. या वेळी पोर रडायलाच लागली, "काळोख, काळोख," म्हणत.

सरूआजीच्या हातातलं सूप तसंच राहिलं होतं. निर्मलानं पूर्वाला उचलून खांद्यावर घेतलं, तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली आणि नवऱ्याकडे नाही, सासूकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाली,

"हिका खय व्हरूचा ता सांगा."

म्हादू उठला, चप्पल घातली आणि होडी भावाच्या ताब्यात द्यायला बंदरावर गेला.

मुंबईतलं ते इस्पितळ भलंमोठं होतं. वैजूनं मैत्रिणींना फोन करून आमची वेळ ठरवून ठेवली होती. पूर्वाच्या डोळ्यांत थेंब घातले. बाहुल्या मोठ्या झाल्यावर डॉक्टर बाईंनी कपाळावरचा दिवा लावून आत पाहिलं. उजव्यात थोडा वेळ. डाव्यात खूप वेळ. मग म्हणाल्या, भूल देऊन मशीनमध्ये तपासायला लागेल, उद्या या.

तो 'उद्या' फार लांबला. तपासणी झाली, मग अहवाल यायचा राहिला. म्हादू समुद्रावर जन्म काढलेला माणूस, पण त्या बाकावर त्याला बसता येईना. सारखा जिन्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. एकदा माझ्याशेजारी येऊन म्हणाला, "भाऊ, तुमच्या फोटवान तिचा काय झाला नाय ना?"

"नाही, म्हादूभाऊ. फोटोनं काही होत नाही."

"माका म्हायत होता. तरी इचारलंय."

मला तेव्हा एकच वाटत होतं. काही निघू नये. वैजू चुकलेली असावी, मी मूर्ख ठरावा, या माणसांनी आयुष्यभर मला शिव्या घालाव्यात. परत कोकणात तोंड दाखवता आलं नाही तरी चालेल.

डॉक्टर बाईंनी आत बोलावलं. त्या मराठीतच बोलल्या, सावकाश.

"गाठ आहे. कॅन्सरचीच आहे."

म्हादूनं टेबलाची कड धरली. त्यानं एवढंच ऐकलं असावं, कारण पुढे बाई बोलत होत्या आणि तो नुसता त्यांच्या ओठांकडे बघत होता. निर्मला म्हणाली, "परत सांगा. मगाशी काय म्हटलात, ता परत सांगा."

बाईंनी चष्मा काढला. "गाठ डोळ्याच्या आतच आहे, आई. बाहेर गेलेली नाही. मागच्या नसेत नाही, मेंदूत नाही, कुठेही नाही. दुसरा डोळा स्वच्छ आहे. औषधं बरेच महिने चालतील, त्रासही होईल. पण मुलगी वाचेल. डोळाही ठेवता येईल असं मला वाटतंय. त्यात नजर किती राहील ते आत्ता नाही सांगत."

"वाचतली?"

"वाचेल."

निर्मला मान हलवत राहिली. हलवतच राहिली. मग तिनं तिथेच, डॉक्टरांच्या खोलीत, पदरानं आधी म्हादूचं तोंड पुसलं. त्याला आपण रडतोय हे कळलंच नव्हतं.

मी बाहेर येऊन वैजूला फोन लावला. पहिल्याच घंटीला तिनं उचलला.

"आहे?"

"आहे. पण आतच आहे. कुठे पसरलेली नाही. वाचेल म्हणाल्या, वैजू. दोनदा म्हणाल्या."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "मी चुकलेली असावी असं मला वाटत होतं रे," ती म्हणाली. "रोज वाटत होतं. देवा, मला चुकीची ठरव." आणि थोड्या वेळानं, "थांब, बेडवरचा पेशंट बोलावतोय. डोळे पुसते आणि जाते."

संध्याकाळी म्हादूनं घरी फोन केला. बराच वेळ बोलून झाल्यावर त्यानं फोन माझ्याकडे दिला. "आवशीक तुमच्याशी बोलूचा आसा."

मी फोन कानाला लावला. सरूआजीचा श्वास ऐकू येत होता, मागे कोंबड्यांचा कलकलाट.

"झिला," ती म्हणाली, "जेवलंस?"

"जेवतो आजी."

"जेव हां. पोटभर जेव." आणि फोन ठेवला.

ही हकीकत बरीच जुनी झाली. पूर्वाचं औषधपाणी लांबलं, केस गेले, परत आले, मुंबईच्या खेपा झाल्या. डोळा राहिला. त्या डोळ्यानं तिला धूसर दिसतं, उजेड आणि सावल्या. दुसऱ्यानं ती सगळं बघते. यंदा बारावीला आहे आणि अभ्यास करत नाही अशी निर्मलाची तक्रार असते.

पण मला सांगायचं होतं ते वडशाचं. कुबलांची मुंबईत राहायची सोय लागल्यावर मी स्टेशनवर जाऊन तिकीट काढलं. काढण्याआधी बाबांना फोन केला. मुंबईला पोचल्यावर मी त्यांना सगळं कळवलं होतंच. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "आधी त्या पोरीचं सांग." सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. आणि तू कधी येतोस?"

"बाबा, मी येत नाही. धाकट्याला बसवा दुकानात. तो तसाही तिथेच असतो दिवसभर."

मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "त्याला हिशेब जमत नाही."

"फोनवर शिकवीन मी."

"बघ बाबा," ते म्हणाले. नाखूश होते, पण तुटले नव्हते. पुढे माझ्या त्या धाकट्या भावानं दुकान माझ्यापेक्षा चांगलं चालवलं.

वडशाला गाडी सकाळी पोचली. वैजू फलाटावर होती. ड्यूटी संपवून तशीच आली होती, पांढऱ्या युनिफॉर्मवर स्वेटर घालून. मला वाटलं होतं ती पूर्वाबद्दल शंभर गोष्टी विचारील. तिनं माझी पिशवी घेतली, तिचं वजन बघितलं आणि विचारलं, "मिरजेला उतरला नाहीस?"

"या गाडीला मिरज लागत नाही."

"मग कधी जाणार?"

"दिवाळीत जाऊ. दोघं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला भूक लागलीय."

स्टेशनबाहेरच्या गाडीवर तिनं आलूपोहे खाल्ले. तर्री ओतून एक प्लेट, मग दुसरी. माझ्या प्लेटमधलेही खाल्ले. इतके दिवस ती जेवत नव्हती हे मला माहीत होतं, पण किती जेवत नव्हती ते तेव्हा कळलं. चहा घेऊन आम्ही परत फलाटावरच्या बाकावर बसलो, कारण तिथे ऊन छान आलं होतं. मी तिला सांगायला लागलो. कपाळावरचा दिवा, म्हादूचं जिन्यापर्यंत जाणं, आजीचा फोन. अर्ध्यावर माझ्या लक्षात आलं की ती हुंकार देत नाहीये. तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं होतं आणि ती गाढ झोपली होती.

लोक बघत होते. युनिफॉर्ममधली नर्स, भर सकाळी, फलाटावर नवऱ्याच्या खांद्यावर झोपलेली. माझा हात अवघडला, मी हलवला नाही. एक मालगाडी धडधडत गेली तरी तिला जाग आली नाही.

शेजारी भाजीची टोपली घेऊन एक म्हातारी बसली होती. तिला राहवेना.

"काय जी," ती म्हणाली, "बाई बिमार आहे का?"

"नाही मावशी," मी म्हणालो. "आता बरं वाटतंय तिला. म्हणून झोपलीय."